वावरातला मुक्काम आणि कॉफी: पहिला कप कोणाचा?

पऱ्हाटी_पेटली | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, एक भांडण सोडवायला धागा काढतोय. भांडण माझं आणि माझ्या मित्राचं आहे, पण त्यात एक काका दुखावले गेले म्हणून जास्त लागलंय.

मागच्या शनिवारी आम्ही पाच जण परतवाड्याजवळ मित्राच्या काकांच्या संत्र्याच्या बगीच्यात मुक्कामाला गेलो. आंबियाची फळं उतरवून झालेली, बगीचा मोकळा, वर सातपुड्याची काळी रेघ. दोन तंबू ठोकले. रात्री जगऱ्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात, भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. इथपर्यंत सगळं झकास.

आमच्यात एक पुणेकर आहे. त्याच्याकडे हाताने फिरवायची कॉफीची चक्की, वजनकाटा आणि तो प्लास्टिकचा पिचकारीसारखा एरोप्रेस. पहाटे पावणेपाचला, मिट्ट काळोखात, याने तंबूत बसून बिया दळायला घेतल्या. घर्र घर्र घर्र. काकांचं कुत्रं भुंकायला लागलं, त्याला शेजारच्या वावरातल्या कुत्र्यांनी साथ दिली, सगळे उठले.

सहाच्या सुमारास काका आले. हातात किटली, आल्याचा चहा, नुकत्याच काढलेल्या दुधाचा. घर बगीच्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर तरी असेल. पुणेकर म्हणाला, "नको काका, आम्ही सकाळी काळी कॉफीच घेतो, बिनसाखरेची." आता त्या एरोप्रेसमधून एका वेळी एकच कप निघतो. दोघांचा झाला होता, तिसरा चालू होता. काकांना कोणी विचारलंही नाही. काका दोन मिनिटं उकिडवे बसले, "चालू द्या" म्हणाले आणि विहिरीवरच्या मोटारीकडे निघून गेले. थोड्या वेळाने किटली कोणीतरी येऊन घेऊन गेलं. भरलेली.

मित्राच्या आईचा फोन आला तेव्हा कळलं की घरी त्यावर चर्चा झाली.

पुणेकराचं म्हणणं: "मला चहा चालत नाही, मी नम्रपणे सांगितलं, यात काय चुकलं?" माझं म्हणणं: सगळंच चुकलं. पण नेमकं काय चुकलं हे मला धड सांगता येत नाहीये. तुम्ही उघड्यावर मुक्काम करता तेव्हा कॉफी कशी करता, आणि त्यातल्या रीतीभाती काय? दोन्हीवर लिहा.

गडवाभर | रात्री ९:५२

किटली परत गेली? भरलेली?? अरे बापरे.

आमच्या गावात यावरून सोयरिकी मोडल्या असत्या.

नागपुरी_बर्फी | रात्री १०:०५

पुणेकर म्हटल्यावर पुढचं वाचायची गरजच पडली नाही. हलके घ्या.

पऱ्हाटी_पेटली | रात्री १०:०८

@नागपुरी_बर्फी, तो मूळचा मूर्तिजापूरचा आहे. सहा वर्षं झाली पुण्याला जाऊन.

नागपुरी_बर्फी | रात्री १०:०९

मग तर जास्तच वाईट. शब्द मागे घेतो आणि दुप्पट करून परत देतो.

अजनीची_फिल्टर_कापी | रात्री १०:४८

रीतीभातींचं जाणकार सांगतीलच, मी आधी कॉफीबद्दल बोलते, कारण अर्ध्या भानगडी यंत्रामुळे झाल्यात. पाच माणसांत एक-एक कप काढणारं यंत्र नेणं म्हणजे पंगतीत एकाच ताटलीवर सगळ्यांनी पाळीपाळीने जेवणं. पहिल्याचं होतं तेव्हा पाचवा उपाशी असतो.

माझं लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरात गेलं. शेजारच्या तमिळ मावशींकडे पितळी फिल्टर होता, त्यावर माझी जीभ बिघडली ती बिघडलीच. पण वावरात मी फिल्टर नेत नाही. गंज नेते. साधा जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा गंज, झाकण आणि सांडशी.

कृती अशी: पाच जणांना दीडशे मिलीचा एकेक कप म्हणजे पाऊण लिटर पाणी. लिटरला साठ ग्रॅम हे प्रमाण धरलं तर पंचेचाळीस ग्रॅम पूड लागते. सपाट मोठा चमचा पाच ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नऊ चमचे. वजनकाट्याची गरज नाही. पूड जाडसर हवी, रव्यासारखी. घरूनच दळून हवाबंद डब्यात आणायची, दोन दिवसांत काही बिघडत नाही. (पुणेकरांना सांगा, रात्री झोपायच्या आधी दळली तरी चालते.)

पाणी खळखळ उकळलं की गंज खाली उतरवायचा. अर्धा-एक मिनिट थांबायचं. मग पूड टाकायची, एकदाच ढवळायचं, झाकण ठेवायचं. चार मिनिटं. परत चुलीवर ठेवायचं नाही. लोक इथे चुकतात, चहासारखी उकळत बसतात आणि मग कॉफी कडू झाली म्हणून कॉफीला शिव्या देतात. चांगल्या कॉफीला नव्वद ते शहाण्णव अंशांचं पाणी पुरतं, पूड टाकल्यावर उकळी नकोच.

चार मिनिटांनी झाकण काढून अर्धी वाटी गार पाणी वरून शिंपडायचं. वर तरंगणारी पूड भराभर खाली बसते. मग हलक्या हाताने ओतायचं आणि तळाचा घोटभर गंजातच सोडायचा. गाळणीही लागत नाही. दूधवाल्यांसाठी पूड दीडपट घ्यायची आणि दूध वेगळं तापवायचं.

गंजाच्या बुडाला बाहेरून चिखलाचा नाहीतर राखेचा लेप द्यायला विसरू नका. काजळी त्या लेपावर बसते, गंजावर नाही. आज्या हे करत होत्या. आपण मात्र नदीवर वाळूने तासभर भांडं घासत बसतो.

कोराच_बरा | रात्री ११:०२

एवढं सगळं करण्यापेक्षा पुडी फाडली, गरम पाण्यात टाकली, झालं. इन्स्टंट झिंदाबाद.

अजनीची_फिल्टर_कापी | रात्री ११:०६

मी कुठे नाही म्हटलं. मीही पावसाळ्यात पुड्याच नेते. फक्त त्या रिकाम्या पुड्या शेकोटीत टाकू नका, वास सुटतो आणि त्या धड जळतही नाहीत. कागदी कपांचंही तेच. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. स्टीलचा पेला घरून आणा, ज्याचा त्याने.

रातची_लाईन | रात्री १:१७

भाऊ, मी हा धागा मोटारीजवळ बसून वाचून रायलो. या हप्त्यात आमची रातची लाईन आहे, म्हणजे मोटारीले वीज रातीच भेटते, हरभऱ्याले पाणी देणं चालू आहे. म्हणजे तुमच्या भाषेत मी कॅम्पिंगच करून रायलो. फक्त तंबू नाई.

कॉफीची गोठ सांगतो. आमच्याकडं कॉफी म्हणजे एक त पाहुण्याची, नाईतर परीक्षा असलेल्या पोट्ट्याची. मायी पोरगी बारावीले होती तवा तिच्यासाठी पुड्यायचा पट्टा आणला होता. एका रात्री जागलीले जाताना त्यातल्या दोन पुड्या खिशात घातल्या. तूर उभी होती, रोही (नीलगाई) अन् डुकरं दोन्ही येत होते. वावरात गेलो, तुराट्या पेटवल्या. तुराटीवर पाणी भल्लं लौकर उकळते, फक्त बाजूले बसून सारखं लावत राहा लागते. साकर विसरलो होतो, गुळाचा खडा होता. गूळ टाकला, दूध टाकलं, उकळू देल्लं. तर फाटलं. कॉफीचं पनीर झालं. फेकाले जीव होईना, तसंच पेलो.

पण खरं सांगतो, त्या रात्री तीन वाजता डुकरं धुऱ्यावर आले तवा मी टक्क जागा होतो. टिनाचा डब्बा वाजवला, गेले. तवापासून हिवाळ्यात माया पिशवीत कॉफी राहते.

आता तुमच्या काकाची गोठ. जागलीत एक रीत आहे, कोणी लिहून ठेवली नाई पण सारे पाळतात. ज्यानं इस्तो पेटवला तो शेवटी घेते. पहिला कप ज्याची आता पाळी आहे त्याले, म्हणजे जो थंडीत चक्कर माराले चालला त्याले. अन् माणसं जेवढी असन त्याहून एक माप जास्त टाका लागते. काऊन? तर इस्तो दुरून दिसते. धुऱ्यापलीकडचा माणूस इस्तो पाहून येतेच. तो आला अन् गंज रिकामा असला त त्याले काई नाई वाटत, आपल्यालेच वाटते.

अन् एक सांगतो, राग नका येऊ देजा. काका सकाळी किटली घेऊन आला तो चहा पाजाले नव्हता आला. रातभर पोट्टे थंडीत झोपले, बरे आहेत का, साप-किरडू त नाई निंगालं, हे पाहाले आला होता. चहा त निमित्त आहे. तुम्ही चहा नाई म्हटला अन् त्याले वाटलं, आपलं येणंच नाई म्हटलं.

चला, पाण्याचा दांड फुटला वाटते. येतो.

पऱ्हाटी_पेटली | सकाळी ७:३०

@रातची_लाईन, हा प्रतिसाद मी पुणेकराला जसाच्या तसा पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.

गडवाभर | सकाळी ७:४१

दांडाचं काय झालं पण?

रातची_लाईन | सकाळी ८:१५

बुजवला. अर्धा तास पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं. तो खूश आहे.

अजनीची_फिल्टर_कापी | सकाळी ८:५०

@रातची_लाईन, गुळाने दूध फाटतं ते दोन्ही एकत्र उकळल्यामुळे. गूळ आधी पाण्यात पूर्ण विरघळवून उकळून घ्या, त्यातच कॉफी टाका, गंज खाली उतरवा, आणि मग वेगळं तापवलेलं दूध वरून ओता. परत चुलीवर नाही. तरीही जुना आंबटसर गूळ असेल तर भरवसा नाही.

बाकी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मचाणावरचा_पाहुणा | सकाळी ११:२०

मी जंगलाच्या बाजूने लिहितो. वावरात मालकाच्या परवानगीने तंबू ठोकणं वेगळं आणि "मेळघाटात कॅम्पिंग करू या" वेगळं. दुसऱ्या प्रकारचे फोन मला दर हिवाळ्यात येतात. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला. तिथे मनाला येईल तिथे गाडी थांबवून, सिपना नदीच्या काठावर चूल मांडून कॉफी करता येत नाही. सेमाडोह, कोलकास इथे वनखात्याची राहायची सोय आहे, ती घ्या आणि त्यांच्या आवारात, त्यांनी सांगितलेल्या जागीच काय ते करा. राखीव जंगलात विस्तव करणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्या दिवसांत जंगलालगतच्या शेतातही मी उघडी शेकोटी करत नाही, छोटा गॅस वापरतो. सागाची वाळलेली पानं पाहिली आहेत ना? एकेक पान पत्रावळीएवढं. ठिणगी पडली की वारा त्याला उचलून शंभर पावलं नेतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून लागणारे वणवेच पुष्कळ आहेत. त्यात आपल्या कॉफीची भर नको.

शेकोटी विझवायची म्हणजे पाणी ओतून चालू पडायचं नाही. पाणी, मग काठीने ढवळणं, परत पाणी, मग हाताचा पालथा पंजा राखेवर धरून पाहायचा. ऊब लागली तर परत पाणी.

आता कॉफीचा किस्सा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसवतात, त्या निसर्गानुभवाला गेलो होतो. मे महिना, संध्याकाळीही अंगाची लाही. मी शहाणपणा करून मोठा थर्मास भरून काळी कॉफी नेली, रात्र जागायची म्हणून. नियम असा की एकदा मचाणावर चढलात की उजाडेपर्यंत उतरायचं नाही. नऊ वाजता एक कप, अकराला एक, साडेबाराला एक. आता कॉफी डोळ्यांना जागं ठेवते तशी आणखी कशाकशाला जागं करते, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. एक वाजल्यापासून माझी अवस्था बिकट झाली. दोन वाजता अस्वल आलं. पाणी प्यायलं, इकडेतिकडे हुंगलं आणि आमच्या मचाणाखाली जे बसलं ते चाळीस मिनिटं हललं नाही. सोबतचे वनमजूर दादा अंधारात हसत होते, ते मला मचाणाच्या हलण्यावरून कळत होतं.

तेव्हापासून माझा नियम: मचाणाच्या रात्री एकच कप, तोही चढण्याआधी दोन तास. कॉफीचा अंमल पाच-सहा तासांनी निम्म्यावर येतो, त्यामुळे रात्र तशीही निघते. थर्मासचं झाकण फिरवल्यावर किर्र वाजणार नाही असं घ्या, आणि स्टीलवर स्टील आपटू देऊ नका. तो आवाज पाणवठ्यावर फार लांब जातो.

कोराच_बरा | सकाळी ११:३१

चाळीस मिनिटं 😂😂

तंबूवाल्यांनाही हे लागू आहे. रात्री दहाला कॉफी प्यायची आणि दोनला चेन उघडून अनवाणी बाहेर जायचं, हा मूर्खपणा मी केलाय. टॉर्च मारला तर दोन फुटांवर विंचू.

खारपाणी | दुपारी १:०५

वाचतोय, मजा येतेय. पाण्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? का सगळे गोड्या पाण्याचे लाडके?

मी दर्यापूरकडचा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा: अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा. जमिनीतलं पाणी खारट. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्यांदा चहा देताना यजमान जरा ओशाळूनच देतो. कॉफीचं तर विचारूच नका. चांगली चिकमंगळूरची पूड भावाने पाठवली होती, बोअरच्या पाण्यात केली, लागली कशी तर राखेच्या पाण्यात मीठ टाकल्यासारखी. वासही उठला नाही. पुडीला नावं ठेवून मोकळे झालो. मग तीच पूड धरणाच्या नळाच्या पाण्यात केली आणि घरभर दरवळ.

तेव्हा वावरात जाताना पूड, चक्की, काटा नसला तरी चालेल, पण प्यायचं पाणी घरून न्या. बोअरचं पाणी जड असलं तरी कॉफी मरते, खारट असलं तर प्रश्नच मिटला. आणि विहिरीचं पाणी वापरणार असाल तर मालकाला विचारूनच. एप्रिलनंतर तर विचारायलाही संकोच वाटायला हवा.

धुक्यातला_भीमकुंड | दुपारी ३:४०

चिकमंगळूर कशाला, कॉफी आपल्याच जिल्ह्यात होते. चिखलदरा!

कोराच_बरा | दुपारी ३:४४

सीताफळ, स्ट्रॉबेरी ऐकली होती. कॉफी? विदर्भात? काहीही.

धुक्यातला_भीमकुंड | दुपारी ४:२०

काहीही नाही. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचंच नाव घेतात. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने इथला गाविलगड किल्ला घेतला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनला हे पठार गवसलं आणि साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालं. कॉफीची झाडं त्यांच्याच अमदानीत लागली. उंची अकराशे मीटरच्या पुढे, पाऊस भरपूर, वर मोठ्या झाडांची सावली. अरेबिका जातीच्या कॉफीला एवढं पुरतं. हिवाळ्यात लाल फळं धरतात. मार्च-एप्रिलच्या सुमारास एखादी सर पडली की पांढरी फुलं येतात आणि वास थेट मोगऱ्याच्या जवळचा. कर्नाटकाच्या तुलनेत लागवड अगदी चिमूटभर आहे, त्यामुळे दुकानात शोधायला जाल तर निराश व्हाल. नशिबाने मिळाली तर मिळाली.

आणि सूफी संत बाबा बुदनांनी तरी काय केलं? येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकातल्या चंद्रगिरीवर लावल्या असं सांगतात. कॉफी सगळीकडे उपरीच आहे. चिखलदऱ्याला उपरी म्हणू नका, एवढंच.

@अजनीची_फिल्टर_कापी, तुमच्या कृतीला एक पुरवणी. आमच्या उंचीवर पाणी शंभराला नाही, शहाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे इथे अर्धा मिनिट थांबायची गरज नाही, उतरवलं की लगेच पूड. डिसेंबरात थांबलात तर पाणी गारच होऊन बसेल.

अजनीची_फिल्टर_कापी | दुपारी ४:२८

वा! ही माहिती बुकमार्क.

झाडीपट्टीकर | सायं. ५:१०

आमच्या भंडारा-गडचिरोलीकडे रात्रभर जागायचं म्हणजे झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर सुरू होतात, पहाटेपर्यंत चालतात. मंडपाबाहेर चहाच्या टपऱ्या. कॉफी कोणी मागितली तर टपरीवाला आधी वर पाहतो, मग "आहे, पण दुधाची" म्हणतो आणि इतका फेस काढतो की पिणाऱ्याला मिशी येते. मला तीच आवडते. तुमच्या नव्वद अंशांना नमस्कार.

अंधारप्रेमी | सायं. ६:३३

दुर्बीण घेऊन रात्र काढणाऱ्यांतर्फे दोन ओळी. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडच्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपणारी जागा) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून सिलारीच्या बाजूला आकाश पाहणारे वाढलेत. कॉफी करताना कपाळावरचा पांढरा दिवा लावून "कोणाला साखर?" असं प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून विचारू नका हो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती एका सेकंदात जाते. टॉर्चला लाल कागद बांधा. नाहीतर साखर अंदाजे घाला.

नागपुरी_बर्फी | सायं. ६:५०

उन्हाळ्यासाठी माझी युक्ती: जाड पूड बाटलीत गार पाण्यात भिजवायची, बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि रात्रभर तंबूबाहेर वाऱ्याला टांगायची. बारा-चौदा तासांनी गाळली की गार कॉफी तयार. चूल नाही, ठिणगी नाही, मचाणावाले खूश. आंबट-कडूपणा कमी आणि चव गोडसर येते. फक्त माठात पुरचुंडी सोडायचा मोह टाळा. मी केलं. त्या माठाचं पाणी पुढचा महिनाभर कॉफीचं लागत होतं आणि घरात मला कोणी माफ केलं नाही.

गडवाभर | सायं. ७:०२

चोथ्याचं काय करता? मी झाडाखाली टाकतो, खत म्हणून.

मचाणावरचा_पाहुणा | सायं. ७:२५

स्वतःच्या वावरात चिमूटभर पसरून टाका, कोणी काही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या बगीच्यात ढीग करून ठेवू नका, ओला चोथा बुरशी धरतो. नदी-नाल्यात तर मुळीच नाही, पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब. मी तर डब्यात भरून घरीच आणतो. जंगलालगत उष्टं-खरकटं, साखर, दुधाची पिशवी काहीही सोडलं की रात्री त्याला गिऱ्हाईक येतं, आणि दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक गावाकडे वळतं.

पऱ्हाटी_पेटली | पुढचा रविवार, रात्री ८:१५

धागा वर काढतोय, कारण निकाल लागला.

पुणेकर काल स्वतःहून आला. "काकांकडे जाऊ" म्हणाला. शनिवारी रात्री परत बगीच्यात मुक्काम. चक्की आणली होती, पण बिया नागपुरातच दळून आणल्या. पहाटे कोणी काही वाजवलं नाही. सहाला काका आले. या वेळी किटली नव्हती! आमची तोंडं उतरली. काका बसले, शेकले, आणि म्हणाले, "करा तुमचं ते."

मग अजनीताईंच्या कृतीने गंजात कॉफी झाली. सहा माणसांची, अधिक एक माप. बुडाला चिखल लावलेला पाहून काकांच्या भुवया जरा वर गेल्या. पहिला पेला काकांना. पुणेकराने दोन्ही हातांनी दिला. काकांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि म्हणाले, "औषधावाणी आहे."

मग दूध मागितलं, साखर मागितली. दूध आम्ही आणलं नव्हतं. काका उठले, घरी जाऊन दूध घेऊन आले, आणि येताना किटली पण घेऊन आले. आधी सगळ्यांनी चहा घेतला. पुणेकरानेही. दोन कप. मग कॉफीत दूध-साखर घालून काकांनी उरलेली सगळी संपवली, ते जास्तीचं मापसुद्धा.

खरी गंमत पुढे. निघताना काका म्हणाले, "मागच्या खेपेले पहाटे ते घरघर वाजलं ना, मले वाटलं मोटारीचं बेअरिंग गेलं. तसाच उठून पळत आलो होतो विहिरीवर. मोटार त बंद होती. मग म्हटलं आता उठलोच आहो, त पोट्ट्यायसाठी चहा टाकू."

पुणेकराने हे ऐकून गाडीत बसेपर्यंत मान वर केली नाही.

गडवाभर | रात्री ८:२२

बेअरिंग 😂😂😂

नागपुरी_बर्फी | रात्री ८:२४

पुणेकर नाही, मूर्तिजापूरकर. आता परत आमचा म्हणायला हरकत नाही.

अजनीची_फिल्टर_कापी | रात्री ८:४०

सहा माणसांना पूड किती घातली ते सांगा आधी. "औषधावाणी" म्हणाले म्हणजे माप चुकलं असणार.

पऱ्हाटी_पेटली | रात्री ८:४४

सोळा चमचे. थंडी होती म्हणून.

अजनीची_फिल्टर_कापी | रात्री ८:४५

सोळा! त्या माणसाने दुसरा घोट घेतला हेच उपकार माना.

रातची_लाईन | रात्री ११:५०

वाचलं. काका चांगला माणूस आहे.

पुढच्या हप्त्यात आमची दिवसाची लाईन आहे, रात्री मोकळा आहो. तूर अजून उभी आहे. ज्यायले यायचं त्यायनं शनिवारी याजा, तंबू लावाले जागा आहे. पऱ्हाट्या भरपूर आहेत जाळाले. दूध मात्र घेऊन येजा, आमची म्हैस आटली. अन् त्या भाऊले म्हणा, ते घरघर यंत्र विसरू नको. टिनाच्या डब्ब्याले रोही आता भेत नाई, याले भेते का पाहू.